चाकोरी

आपल्या महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीसमोरची हिरवळ आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यावर बसून आपल्यापैकी अनेकांनी डबे खाल्ले आहेत, काहींनी नोट्स उतरवून घेतल्या आहेत आणि एकदोघांनी कविताही केल्या आहेत (त्या याच अंकात अन्यत्र असाव्यात). मागच्या वर्षी जानेवारीत या हिरवळीवर फाटकापासून रंगमंचापर्यंत दोन लांबच लांब चर पडले. ते कोणामुळे पडले याविषयी बरेच दिवस तर्कवितर्क चालले होते. आता सांगून टाकायला हरकत नाही. ते माझ्यामुळे पडले.

टेम्पो मी चालवत नव्हतो, हे खरे. मी स्नेहसंमेलनाच्या मंडप समितीचा सेक्रेटरी होतो. बक्षीस समारंभाच्या रात्री अवकाळी पाऊस झाला आणि सकाळी सामान न्यायला टेम्पो आला. ड्रायव्हर शहाणा माणूस. म्हणाला, "गाडी बाहेरच लावतो, जमीन वली हाय." पण रात्रभर जागलेली पोरे लोखंडी पाईप खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत जायला तयार होईनात. मी रुबाबात म्हणालो, "आत घ्या हो! गवत तर आहे, काय होतंय?" त्याच वेळी ग्रंथालयाच्या बाजूने माळीमामा दोन्ही हात हलवत धावत येत होते. मी त्यांना पाहिले होते. पाहून न पाहिल्यासारखे केले.

आपली जमीन काळी. ही माती पाणी प्यायली की फुगते, ऊन लागले की आक्रसून भेगाळते आणि ओली असताना तिच्यावर वजन पडले की लोण्यासारखी दबते. टेम्पो निम्म्यात रुतला. चाके जागच्या जागी फिरली, चिखल आमच्या झब्ब्यांवर उडाला. शेवटी फळ्या घालून गाडी बाहेर काढली तेव्हा मागे दोन चर राहिले होते. कोठे चार बोटे, कोठे चांगले वीतभर खोल. दोन्ही कडांना माती फुगून वरंबे उठले होते. मराठीच्या तासाला आपण 'चाकोरीबाहेरचे लेखन' असे फार म्हणतो. चाकोरी म्हणजे मुळात चाकाने पडलेली वाट, हे त्या सकाळी मला अगदी सोदाहरण कळले.

मामा काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणेच सोडले. इतर मुलांना "काय बाळ, पेपर कसा गेला?" असे विचारीत; मी दिसलो की झारी उचलून दुसरीकडे जात.

मार्च-एप्रिलच्या उन्हात ते चर विटेसारखे भाजून निघाले. जूनमध्ये महाविद्यालय उघडले, पहिला पाऊस पडला आणि पाणी बरोबर माझ्या दोन चरांत साचले. प्रथम वर्षाच्या मुलांनी त्यात कागदी होड्या सोडल्या. त्यातच दिवाळीनंतर नॅकची समिती येणार अशी वार्ता आली. एका ठेकेदाराला बोलावण्यात आले. त्याचे मत असे की, हे सगळे एक फूट उकरून टाकावे, लाल माती भरावी आणि तयार कार्पेट गवताच्या गुंडाळ्या आणून अंथराव्यात. मात्र पाऊस उघडल्याशिवाय काळ्या मातीत हात घालता येणार नाही, असेही तो म्हणाला. मामा बाजूला उभे होते. ते एवढेच बोलले, "उकरून ही जानार हाय व्हय? हरळी हाय ती. एक कांडी राहिली तरी त्या नव्या गवतातनं हीच वर येनार. शिवाय लिंबाची मुळं तुटतील ती येगळीच."

मी प्राचार्यांना भेटलो आणि पाऊस उघडेपर्यंतची मुदत मागितली. चूक कबूल केली. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बघा, जमतंय का." मामांना विचारण्याचे धैर्य मात्र झाले नाही, त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी माझ्याच अकलेने काम केले. त्याचा वृत्तांत थोडक्यात देतो. बांधकामावरची माती चार इंच भरून चर सपाट केले. खालचे गवत पिवळे पडून कुजले आणि दोन पावसांत माती खचून चर पुन्हा वर आले. वरंबे फावड्याने तासून काढले. तेथे टक्कल पडले. मग जिमखान्यातला क्रिकेटचा रूळ आणून आम्ही चौघांनी ओल्या हिरवळीवर फिरवला. रुळाने उंचवटे तर गेले नाहीतच, उलट माती अशी घट्ट बसली की पाणी मुरेना.

रूळ फिरत असताना मामा आले. पाच महिन्यांनी माझ्याशी बोललेले त्यांचे पहिले वाक्य असे : "सेक्रेटरी, हिला पुरायची का जगवायची?"

तेव्हापासून खरे काम सुरू झाले. सकाळी साडेसहा ते आठ. मामांची पद्धत ऐकायला सोपी आहे, पण तिला धीर लागतो आणि तोच माझ्याकडे नव्हता. खोल चराच्या कडेला धारदार फावड्याने मधोमध एक चीर द्यायची, तिच्या दोन्ही टोकांना आडव्या चिरा द्यायच्या आणि मुळांसकट तीन बोटे जाडीचा थर दाराची दोन फळकुटे उघडावीत तसा अलगद दोहीकडे उलटायचा. खाली माती भरायची, पायाने दाबायची, पाणी द्यायचे आणि दारे पुन्हा मिटायची. वरंबा असेल तर उलट : दारे उघडून खालची माती काढून घ्यायची. गवत तेच राहते, फक्त त्याच्या खालची जमीन बदलते. मला याचे इतके नवल वाटले की पहिल्या दिवशी मी एकच तुकडा तीनदा उघडून पाहिला. मामा ओरडले, "आरं, जखम हाय ती, पुन्ना पुन्ना काय बघतूस!"

उथळ खळग्यांना मात्र चिरायचे नाही. त्यांच्यासाठी दोन घमेली पोयटा, एक घमेले वाळू आणि एक घमेले कुजलेले शेणखत असे मिश्रण बारीक चाळणीने चाळून घ्यायचे. दंताळ्याच्या दांड्याने ओल्या मातीत भोके पाडायची आणि मग ते मिश्रण अर्धा इंच, फक्त अर्धा इंच, पसरायचे. गवताची टोके वर दिसलीच पाहिजेत. दिसेनाशी झाली तर गवत गुदमरते. हरळीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटण्याची खोड आहे. पातळ मातीत पेरे झाकली गेली की ती तेथेच मुळे सोडतात आणि वर येतात. तीन आठवड्यांनी पुन्हा अर्धा इंच. मी म्हणालो, "मामा, एकदम दोन इंच टाकलं तर?" मामा म्हणाले, "तू आठवड्याचं जेवन एकदम जेवतूस का?"

मामांचे खरे दुखणे गवत कापण्याच्या यंत्राचे होते. उंचवट्यावर त्याचे पाते गवताची हजामत करते आणि खळग्यात नुसते केस विंचरून पुढे जाते. हे यंत्र 1830 साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने काढले. कापडावरची लव कातरण्याच्या यंत्रावरून त्याला ते सुचले. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्याची जिमीन कापडासारखी आसंल."

ग्रंथालयात शोधाशोध करताना डार्विनचे गांडुळांवरचे 1881 सालचे पुस्तकही हाती लागले. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी एका एकरात दर वर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते आणि वर येते, असा त्याचा हिशेब आहे. माणसाने नांगर शोधण्याच्या कितीतरी आधीपासून जमीन नांगरली जात आली आहे, असे तो म्हणतो. आमच्या नव्या थरावर सकाळी मातीच्या बारीक गोळ्यांचे ढिगारे दिसत आणि मी ते वैतागून पायाने चिरडीत असे. पुस्तक वाचल्यावर थांबलो. ते ओले असताना चिरडले की चिखलाचा थापा होतो. वाळल्यावर खराट्याने पसरले की फुकटची चाळलेली माती मिळते. मामांनी हे पुस्तक न वाचताच खराटा आणून ठेवला होता.

असो. आता जे सांगायचे ते सांगतो. श्रावणात एके दिवशी अण्णा अचानक आले. आमचे गाव सीनाकाठचे, रान काळेभोर. रब्बीचे रान कुळवून झाले होते, म्हणून फीचे पैसे आणि आईने दिलेल्या भाकरी घेऊन ते पहिल्या एस.टी.ने निघाले होते. वसतिगृहात मी सापडलो नाही, तेव्हा कोणीतरी त्यांना हिरवळीकडे पाठवले. मी गुडघ्यावर बसून हरळीच्या कांड्या टकलांवर टोचत होतो.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना या दृश्याची भीषणता कळणार नाही. हरळी म्हणजे आमच्या रानाचा सात जन्मांचा वैरी. नांगराच्या फाळाने तिचे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याची नवी हरळी होते, म्हणून ती कुदळीने कमरेइतके खणून वेचून काढावी लागते. मी दहावीत असताना आमच्या लवणातल्या अर्ध्या एकरातली हरळी अण्णांनी आणि आईने एक अख्खा उन्हाळा खणली होती. मला त्यांनी कुदळीला हात लावू दिला नव्हता. "तू पुस्तक धर," म्हणाले होते.

ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हे शिकाया पाठवलं व्हय तुला? हरळी लावाया?"

मला काही उत्तर सुचेना. मी टेम्पोची सगळी हकीकत सांगितली, अगदी मामा धावत येत होते आणि मी मान फिरवली तेसुद्धा. हे तोवर कोणालाच सांगितले नव्हते. मामा तेथेच होते, त्यांनीही ऐकले. कोणी काही बोलले नाही. मग मामा म्हणाले, "राम राम पाव्हणं. च्या घ्या." अण्णा म्हणाले, "च्या मागनं घिऊ. ही माती हातानं पसरताय का तुमी? आशानं उंचसखल ऱ्हानारच की."

त्यांनी टोपी नीट केली आणि बागेच्या खोलीमागची जुनी लाकडी शिडी ओढून आणली. तिच्या दोन टोकांना दोर बांधला, वर दोन दगड ठेवले. ढेकळे फोडायला रानात मैंद फिरवतात तशी ती शिडी पसरलेल्या मातीवरून ओढायची. शिडीच्या दांड्या उंचावरची माती खरवडून नेतात आणि खळगा आला की तेथे टाकतात. खळगा कोठे आहे ते तिला दाखवावे लागत नाही. बैल नव्हते, म्हणून एका बाजूला मी आणि एका बाजूला मामा जुंपलो गेलो. मागून अण्णा, "आरं सरळ, सरळ! वढ ढिला सोडू नगं!" गच्चीवरून द्वितीय वर्षाच्या मुली हसत होत्या. एक आडवी फेरी, एक उभी. चार घमेली माती हाताने पसरायला आमची सकाळ जाई; दहा घमेली तासाभरात बसली.

दुपारी एस.टी. स्टँडवर अण्णांना सोडायला गेलो. गाडी लागली तरी ते चढेनात. खांबाला टेकून एकेक चप्पल काढून तळवा पाहिला, धोतराचा काठ झटकला. काठात अडकलेली बोटभर कांडी निघाली. ती त्यांनी रस्त्याच्या डांबरावर टाकली, टाचेने नीट चिरडली आणि मग गाडीत बसले.

सप्टेंबरअखेर पाचवा थर बसला. समिती आली, चहा पिऊन गेली. लिंबाखाली एक बशीएवढा खळगा अजून आहे. मामा म्हणतात, तो मुळांचा आहे, राहू दे. यंदा मंडप समितीत मी नव्हतो, तरी सामान न्यायच्या सकाळी गेलो. टेम्पो फाटकाबाहेर उभा होता, पोरे कुरकुरत होती. मामा आत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी पहिला पाईप उचलला.