जुन्या गाडीनें दिलेला धडा

आमच्या मामांजवळ एम्. जी. बी. जातीची एक लहानशी विलायती मोटार आहे. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत या गाड्या तयार होत असत. मामांची गाडी १९६७ सालची. तिच्या तेलपाण्यावर लक्ष ठेवण्याचें काम मामांनीं आमच्याकडे सोंपविलें होतें, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता.

या गाडीच्या क्लचास तार नाहीं. पायानें पेडल दाबलें कीं वरच्या सिलिंडरांतील दट्ट्या ब्रेक-ऑइल नळींतून खालीं ढकलतो. त्या जोरानें खालच्या सिलिंडरांतील दट्ट्या पुढें सरकून क्लच सोडवितो. द्रव पदार्थ दाबला असतां आकसत नाहीं, या एका नियमावर ही सारी योजना उभी आहे.

एके दिवशीं त्या तेलाची पातळी बोटभर उतरलेली दिसली. आम्हीं वर तेल ओतलें व बूच लावलें. पुढच्या आठवड्यांत तेंच. त्याच्या पुढेंही तेंच. तेल जातें कोठें, हा प्रश्न मनांत आला नाहीं असें नाहीं. परंतु मामांना सांगावें तर गाडी दुरुस्तीस जाईल व वाईची ठरलेली सहल बुडेल, या भीतीनें आम्ही गप्प राहिलों.

२०१६ च्या मे महिन्यांत आम्ही पुण्याहून निघालों. खंबाटकीच्या घाटांत पुढची मालमोटार एकाएकीं थांबली. मामांनीं क्लच दाबला. पेडल निमूटपणें तळास टेकलें, परंतु इंजिन चाकांपासून सुटेना. गाडी मालमोटारीकडे सरकतच राहिली. मामांनीं सर्व बळानें ब्रेक दाबला व इंजिन बंद केलें, तेव्हां मध्यें वीतभरच अंतर उरलें होतें.

वाईहून मिस्त्री आले. त्यांनीं प्रथम पेडलाच्या मागें हात घातला. बोटें ओलीं झालीं. तेथला रंगही तेलानें खाल्ला होता. ते म्हणाले, "ही गळती कालची नव्हे. वरून कोणी तेल घालीत होतें काय?"

मामांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं खालीं मान घालून सर्व कांहीं सांगितलें.

मग मिस्त्रींनीं कारण समजावून दिलें. ब्रेक-ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. त्या ओलाव्यानें सिलिंडर आंतून गंजतो, गंजानें रबरी वॉशर कापला जातो, आणि मग तेल बाहेर पडून हवा आंत शिरते. हवा मात्र दाबली जाते, म्हणून पायाचा जोर वायां जातो. यासाठीं सुमारें दर दोन वर्षांनीं तेल बदलून नळींतील हवा काढावी. दोन्ही सिलिंडरांचे वॉशर, रबरी नळी व पेडलाच्या सांध्यांतील खीळ तपासावी. इंजिनचें तेल त्यांत कधींही घालूं नये, कारण त्यानें रबर फुगतें. गाडी नुसती उभी ठेवल्यानें हा रोग टळत नाहीं. उलट तेथेंच तो नकळत वाढतो.

मामा रागावले नाहींत. "डबा भरला म्हणजे गळती थांबली असें नव्हे," एवढेंच ते म्हणाले. हे शब्द रागापेक्षां अधिक लागले.

तेव्हांपासून गाडींत एक वही असते. तेलाची पातळी तींत तारीखवार लिहिली जाते, आणि ती उतरली तर त्याच दिवशीं मामांना सांगितलें जातें. वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं त्या महिन्यांतील आमची चूक लिहून ठेविली आहे. दोष झांकणें म्हणजे तो वाढविणें होय, हें ज्ञान आम्हांस वीतभर अंतरावरून मिळालें. वाचकांस तें याहून स्वस्तांत मिळावें, हीच इच्छा.