साडेसात डोक्यांची बाई

माझ्या बायका नऊ डोक्यांच्या असतात. दचकू नका, रावणाशी काही नातं नाही. फॅशन इलस्ट्रेशनमध्ये माणसाची उंची डोक्याने मोजतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत एक डोकं, मग त्याच मापाची एकाखाली एक ठेवत तळपायापर्यंत जायचं. तुम्ही-आम्ही साधारण साडेसात डोकी उंच. फॅशनच्या कागदावरची बाई मात्र नऊ, कधी कधी दहासुद्धा. वाढलेलं दीड डोकं जवळजवळ सगळं पायांत जातं. उद्या ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशात बघा मोजून. नो टेन्शन, नऊ कुणाचीच भरत नाहीत.

कॉलेजात हे प्रमाण शिकवलं तेव्हा त्यात काही गैर वाटलं नव्हतं. लांब पायांवर कापड झकास पडतं, घेर खुलतो, नजर खांद्यावरून थेट खाली घसरते. १९४७ मध्ये ख्रिस्तियन दिओरने पॅरिसमध्ये घेरदार 'न्यू लूक' आणला, तो लोकांच्या डोळ्यांत ठसवण्यात रेने ग्रुओच्या चित्रांचा मोठा वाटा होता. ब्रशचे चार-पाच फटकारे की बाई उभी! ती चित्रं बघूनच तर मी या फंदात पडले.

पडले म्हणजे लगेच नाही. आधी पाच वर्षं एका गारमेंट एक्स्पोर्ट कंपनीत टेक पॅक काढले. कॉलर किती सेंटिमीटर, बटणं कुठे, शिलाई कुठली, असली सपाट चित्रं. कपडे होते, पण आत माणूसच नाही. २०१९च्या दिवाळीत राजीनामा दिला आणि फ्रीलान्सर झाले. पाच महिन्यांत लॉकडाऊन! माझं टायमिंग हे असं.

फ्रीलान्सिंगबद्दल लोकांच्या कल्पना भारी असतात. सोसायटीत मी 'घरीच असते ती' म्हणून फेमस आहे, त्यामुळे तिन्ही मजल्यांची कुरिअर्स माझ्याकडे. क्लायंट रात्री अकराला 'एक छोटासा चेंज' पाठवतो. हल्ली तर एआयकडून करून घेतलेलं चित्र येतं आणि सोबत मेसेज, "फक्त हाताने काढल्यासारखं करून दे ना." त्या चित्रातल्या ओढणीचं दुसरं टोक कुठे गेलं ते शोधण्यात माझी दुपार जाते. 'उद्यम' नोंदणी असलेल्या माझ्यासारख्या चिल्लर व्यावसायिकाचे पैसे कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांना तो कायदा वाचायला अजून वेळ झालेला नाही. आणि बाबा दर महिन्याला एकच प्रश्न विचारतात, "साधारण किती धरायचे?" बाबा, 'साधारण' असं काही नसतंच. डिसेंबरात जेवायला वेळ नसतो आणि जुलैत फोन बंद पडलाय की काय म्हणून मी स्वतःलाच मिस्ड कॉल देते.

असो. सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

माझं निम्म्याहून जास्त पोट एका ब्रायडल स्टुडिओवर चालायचं. लग्नाच्या कपड्यांची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक नवरीला तिच्या पोशाखाचं वॉटरकलरमधलं चित्र मिळे. हे काम मला मनापासून आवडायचं. पैठणी काढणं म्हणजे कसोटीच. शिफॉन ओघळतं, पैठणी मोडते. तिच्या निऱ्यांना कोन असतात. जरीसाठी सोनेरी पेन वापरलं की स्कॅनमध्ये ती मातकट दिसते. म्हणून उजेडाच्या जागी कागद कोराच सोडायचा, बाजूला पिवळी माती आणि सावलीला एक बारीक तपकिरी रेघ. लांबून बघितलं की चमकते! नवऱ्या चित्राला हात लावून बघायच्या.

त्यातलीच एक, २०२३च्या फेब्रुवारीत. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, रुंद बांधा, चष्मा, आयटीत नोकरी. पैठणीच्या काठांचा लेहंगा हवा होता. मी नेहमीसारखी नऊ डोक्यांची बाई काढली. फिटिंगच्या दिवशी नेमकी मी तिथे होते. ती लेहंगा घालून आरशासमोर उभी राहिली, हातात माझं चित्र. चित्राकडे बघायची, आरशात बघायची, परत चित्राकडे. रडारड नाही, आरडाओरडा नाही. शेवटी हळूच म्हणाली, "उंच हील्स घातल्या तर असं दिसेल का हो?"

तिची आई म्हणाली, "अगं, चित्र ते चित्र." मास्टरजी खाली बसून उगाचच घेर सारखा करत राहिले. त्यांच्या शिवणीत कणभर चूक नव्हती. चूक होती ती माझ्या दीड डोक्याची.

त्या रात्री मी धुरंधरांची चित्रं काढून बसले. कॉलेजात 'जेजेचे धुरंधर' परीक्षेपुरतेच वाचले होते. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) जेजेत शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवलं. ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी त्यांनी देशभरातल्या, वेगवेगळ्या जातीजमातींच्या स्त्रिया त्यांच्या पेहरावासकट रंगवल्या. मी ग्रुओ बघत होते तेव्हा हा माणूस माझ्याच कपाटात धूळ खात पडला होता! साडी कशी नेसलीय, ओचा कुठे, पदर कसा, सगळं कळतं. आणि ती साडी नेसलेलं माणूसही दिसतं. दंड भरलेले, पावलं जमिनीवर. मी पट्टी घेऊन डोकी मोजली. नऊ कुठेच भरली नाहीत.

पुढच्या नवऱ्यांची चित्रं काढताना मी स्टुडिओकडून मापं मागून घेतली. मापांचा कागद पहिल्यापासून तिथेच होता बरं का, मीच कधी विचारलं नव्हतं. मग गंमत सुरू झाली. एकीच्या चित्रातच दिसलं की आठ इंची काठ तिला खाऊन टाकतोय. तो चार इंची झाला. दुसरीचा ब्लाउज दोन बोटं खाली आला. हे सगळं कापडाला कात्री लागायच्या आधी. मी सॉलिड खूश होते.

मॅडम नव्हत्या. "अगं, ह्या सगळ्या बुटक्या का दिसतायत? आपण स्वप्न विकतो."

मी म्हटलं, "मॅडम, पण घालायचं तर त्यांनाच आहे ना?"

त्या हसल्या. दीडशहाणी म्हणाल्या असतील मनात. भांडण वगैरे काही नाही. मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलंही नाही. फक्त तो ग्रुप गप्प झाला. महिन्याभराने दुसऱ्या कुणाची तरी चित्रं इन्स्टावर दिसली. दहा डोकी! पायच पाय.

एप्रिलचं भाडं एफडी मोडून भरलं. मेमध्ये जुन्या बॉसना फोन केला. ते भले माणूस, म्हणाले, "जागा आहे, सोमवारी सांग." पीएफ, सुट्ट्या, एक तारखेला पगार. बाबांच्या 'साधारण'ला एकदाचं उत्तर. मी जवळजवळ 'हो'च म्हणणार होते.

शनिवारी मास्टरजींचा फोन आला. त्यांनी स्टुडिओ सोडून भावाबरोबर स्वतःचं दुकान टाकलं होतं. "मॅडम, वो नापवाला चित्र बनाते थे ना आप? उससे कटिंग आसान होता है." पैसे किती, तर स्टुडिओच्या एक तृतीयांश. पण काम हातात यायच्या आधी जीपेवर अर्धे जमा. इतक्या वर्षांत मला आपणहून ॲडव्हान्स देणारा हा पहिला क्लायंट.

सोमवारी बॉसना नाही म्हटलं. फार धीराने वगैरे नाही. फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला होता. आज मास्टरजी धरून असे तीन टेलर आहेत. तिघांचे मिळून अजूनही स्टुडिओएवढे होत नाहीत. मॉलमधल्या परफ्यूमच्या लाँचला जाऊन पाच मिनिटांत एक याप्रमाणे पाहुण्यांची लाइव्ह स्केचेस काढते, तेव्हा कुठे भाडं निघतं. तिथे समोर बसलेली प्रत्येक जण म्हणते, "जरा बारीक कर ना." मी हसते आणि दिसतं तेच काढते.

गेल्या दिवाळीत आई तिच्या लग्नातली जांभळी पैठणी नेसली. म्हटलं, बस, तुझं चित्र काढते. तासभर लागला. पदरावरचे मोरच वीस मिनिटं खाऊन गेले. डोकी मोजली, पावणेसात. अगदी आईच उतरली होती.

आईने चष्मा लावला, चित्र दूर धरलं, जवळ धरलं.

"छान आहे गं," ती म्हणाली. "पण पाय कुठे गेले माझे? जरा उंच कर की."

"आई, तू एवढीच आहेस."

"ते मला माहितीये. तू कर."

मी खालून कागद जोडला आणि अर्धं डोकं वाढवून दिलं.