वानच्या जंगलातल्या माश्या

तेल्हाऱ्याच्या दक्षिणेला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचे पाणी घशाखाली उतरत नाही. उत्तरेला हिवरखेड मागे पडले की सातपुड्याची निळी भिंत समोर येते. वारी भैरवगडाजवळ वान नदीवर धरण आहे आणि त्यामागे सुमारे 211 चौरस किलोमीटरचे वान अभयारण्य. 1973-74 मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतल्या मेळघाटचाच हा भाग. अकोला-खंडवा छोटी गाडी याच जंगलातून वान रोड स्टेशनवरून जायची. 2017 पासून ती बंद आहे.

साग, सालई, धावडा, मोह असे हे कोरडे रान. लोक इथे वाघ बघायला येतात. माशी बघायला कोण येणार? पण मेलेल्या नीलगाईजवळ वाघाआधी, कोल्ह्याआधी माशीच पोचते. पूर्वी गिधाडे काही तासांत सांगाडा मोकळा करत. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने ती संपत आली. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तरी आभाळ अजून रिकामेच दिसते. म्हणून माशीचे काम वाढले, असे मला वाटते.

ही घरात घोंगावणारी माशी नव्हे. चकचकीत हिरव्या-निळ्या अंगाची, लालभडक डोळ्यांची क्रायसोमिया ही इथल्या उष्ण मुलखातली मुख्य जात. ती अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. करड्या पट्ट्यांची मांसमाशी मात्र जिवंत अळ्याच सोडते. अळी दोनदा कात टाकते. तिच्या मागच्या टोकाला श्वासाची छिद्रे असतात. दुसऱ्या अवस्थेत त्यांत दोन चिरा, तिसऱ्यात तीन. चिरा मोजायच्या, हवेचे तापमान बघायचे आणि मृत्यू किती दिवसांपूर्वी झाला ते मागे मोजत जायचे.

1935 मध्ये स्कॉटलंडमध्ये एका ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहाचे तुकडे सापडले. त्यांवरच्या अळ्यांचे वय बारा ते चौदा दिवस निघाले. मुंबईत जन्मलेला डॉक्टर बक रक्स्टन याच्याविरुद्धच्या पुराव्यांत तेही होते. पुढच्या वर्षी तो फासावर गेला.

पण स्कॉटलंडच्या थंडीतला हिशेब अकोल्याच्या 45 अंशांत चालणार कसा? उन्हाळ्यात इथे देह सुकून चामडे होतो, पावसाळ्यात अळ्यांचा बुजबुजाट. त्यातच क्रायसोमियाची एक केसाळ अळी बाकीच्या अळ्या खाऊन टाकते. मग आधी आलेल्यांचा पत्ताच लागत नाही. म्हणून प्रत्येक मुलखाची वेगळी पाहणी हवी. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातल्या संशोधकांनी सशांच्या मृतदेहांवर असे काम करून 2003 मध्ये ते छापले.

कामाला साधने थोडीच लागतात. वनखात्याची परवानगी मात्र आधी. प्लास्टिकच्या बाटलीत कोंबडीची कलेजी घालून ती उंच फांदीला टांगायची, खाली ठेवली तर बिबट्या किंवा रानमांजर नेईल. आत शिरलेल्या माश्या अल्कोहोलमध्ये जपायच्या. अळ्या मात्र डब्यात वाढवून त्यांची माशी होऊ द्यायची, कारण अळीवरून जात ओळखणे फार अवघड. सावलीत आणि उघड्यावर, नाल्यात आणि माळावर, तिन्ही ऋतूंत हेच पुन्हा. वासाचे विचारू नका.

आपल्याकडे कुणी वावरात, कुणी विहिरीत, कुणी रानात सापडतो. मय्यत लवकर दफन करावी ही आपली रीत, आणि शवागाराबाहेर घरचे ताटकळत असतात. शवविच्छेदन कायद्याने व्हायचे ते होतेच, पण अळ्या गोळा करायला देहावर सुरी चालवावी लागत नाही. दोन बाटल्या पुरतात. अर्ध्या अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये, अर्ध्या जिवंत. शिवाय देह उचलण्याआधी तिथले तापमान लिहून घेतलेले हवे. ते राहून गेले तर नंतर कुठल्याही प्रयोगशाळेला ते भरून काढता येत नाही.