मधली खुर्ची

गेल्या वर्षी माझ्या कानांचा आलेख काढला, तेव्हापासून घरी येणाऱ्या पाहुण्यांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो. आलेखातली रेघ 4 किलोहर्ट्झपर्यंत बरी चालते, मग उतरते आणि 8 किलोहर्ट्झला चांगलीच खाली जाते. नेहमीची तपासणी तिथंच संपते. साठी उलटलेल्या माणसाला समोरच्याचं बोलणं कळायला तेवढं पुरतं. पण झांजेची, तंबोऱ्याच्या जवारीची, गाणारीच्या श्वासाची शेवटची तलम किनार त्याच्या वर असते. ज्या सिस्टिमवर मी उभ्या आयुष्याची बचत लावली, ती सिस्टिम ही किनार आता इतरांसाठी वाजवते.

मोहालीत पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किन्ने दी आई?" 1984 साली इथल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये उत्पादन सुरू झालं, त्या सुमारास मी पुण्याहून नोकरीला आलो. या प्रश्नाचा मला कधीच राग आला नाही. पंजाबी माणूस किंमत मोकळेपणानं विचारतो आणि आकडा ऐकून तितक्याच मोकळेपणानं दाद देतो. आपली मराठी मंडळी गणपतीला येतात, किंमत विचारत नाहीत, टीव्हीला जोडता येतं का एवढं विचारून प्रसाद घेतात. तरुण पोरं बेस वाढवायला सांगतात. या सगळ्यांशी माझं जमतं.

जमत नाही ते बरोबरीच्या शौकिनांशी. ते आल्या आल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं वाकून तारा पाहतात. त्यांच्या घरी गेलं की ईगल्सचं 1994 सालचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागतं, सुरुवातीचा ढोलाचा ठोका छातीवर बसतो आणि गायक तोंड उघडण्याआधी गाणं थांबवून तारेच्या कंपनीचं नाव सांगितलं जातं. गाणं शेवटपर्यंत ऐकायची सवय या छंदातून चालली आहे, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.  

पण कौतुकाची भूक माझी त्यांच्याहून कमी नव्हती. किशोरीताईंचा भूप लावून मी भूप ऐकत नसे, पाहुण्याचा चेहरा पाहत असे. भुवया वर गेल्या की सुखावत असे. पाहुणे गेल्यावर त्यांचे शब्द बायकोला पुन्हा सांगत असे.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र हाताला लागलेली नाही: पाहुण्याला बसवायचं कुठं? खोली 5 मीटर लांब आहे. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर 69 हर्ट्झच्या आसपासचा सूर या लांबीत नेमका अडकतो. दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर तो फुगतो, पाव आणि पाऊण अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज तिथंच असतो आणि डग्ग्याची मींडही तिथूनच वर चढते. इथल्या प्रत्येक कोठीत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे पाहुण्याच्या वाट्याला फुगलेला डग्गा येतो. खाली संगमरवर, वर स्लॅब. हिवाळ्यात गालिचा आणि रजाया आल्या की वरचे सूर मवाळ होतात, पण खर्जाला रजईनं काहीच होत नाही. जूनमध्ये एसी बंद केल्याशिवाय मंद्र आलाप ऐकू येत नाही आणि बंद केला तर पाहुणा बसत नाही.

डावं-उजवं तर याहून नाजूक. एका स्पीकरच्या 34 सेंटिमीटर जवळ सरकलं की त्याचा आवाज 1 मिलिसेकंद आधी पोचतो आणि मधोमध उभी असलेली गायिका त्या बाजूला निघून जाते. माझे स्पीकर पुण्यात बनलेले, इलेक्ट्रोस्टॅटिक. त्यांच्या पातळ पडद्यातून उंच सूर अरुंद पट्ट्यात सरळ पुढं जातो. मी सोफा पुढं घेतला, मागं घेतला, कोपऱ्यांत काचलोकरीचे जाड खांब उभे केले. तरी नीट जागा एकच उरली, मध्यापासून थोडी मागं, एका खुर्चीपुरती. त्या खुर्चीत मीच बसत आलो.

शेजारचे बाऊजी लाहोरचे, 1947 साली लहानपणी इकडे आले. एका थंडीत त्यांनी सुरिंदर कौर मागितली. तीही लाहोरचीच, 1929 सालचा जन्म. जुनं मोनो मुद्रण होतं. मी रेकॉर्ड लावायला उठलो, तर बाऊजी माझ्या खुर्चीत बसले. दुसरं कडवं सुरू झाल्यावर हळूच म्हणाले, "एह ते साडे वेहड़े विच गा रही ऐ." ते अंगण सोडल्याला सत्तर वर्षं होऊन गेली होती. सिस्टिमबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. मला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद आहे आणि तिच्यात माझं नाव नाही.

कानांच्या तपासणीनंतर एकदा त्यांची नात त्यांच्याबरोबर आली. गाणं सुरू व्हायच्या आधीच तिनं विचारलं, "दादू, एह सीटी किथों आ रही ऐ?" आम्हा दोघा म्हाताऱ्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ती खोलीभर फिरली आणि मोडेमच्या अडॅप्टरपाशी थांबली. तो काढल्यावर म्हणाली, गेली.

आता स्पीकर बोटभर वळवायचा झाला तर मी तिला बोलावतो. ती मधल्या खुर्चीत बसते, आवाज कुठून येतो ते बोटानं दाखवते, मी खूण करून ठेवतो. तिनं "वाह" म्हणावं असं मला अजूनही वाटतं. ती बहुधा म्हणत नाही, पण गाणं संपेपर्यंत उठतही नाही.

ज्यांच्या घरी असं यंत्र आहे, त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: पाहुणा आला की चांगली खुर्ची त्याला द्या, रेकॉर्ड त्याला निवडू द्या आणि ती संपेपर्यंत यंत्राबद्दल बोलू नका.