फोसा गावचा फुटबॉलवाला

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. तिथल्या किलार्नीहून किलॉर्गलिनच्या रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर फोसा हे गाव लागते. एका अंगाला लॉक लेन हे मोठे सरोवर, त्यापलीकडे डोंगरांची रांग. पाऊस बारा महिने येऊनजाऊन असतो, त्यामुळे गवत कधी सुकत नाही. केरीचा मोठा आधार दुभत्या गाईंचा. लहान चणीची काळी केरी गाय मूळची इथलीच, पण आता गोठ्यांत काळ्या-पांढऱ्या फ्रिजियन गाईच जास्त.

या एवढ्याशा गावचा डेव्हिड क्लिफर्ड २०२२, २०२३ आणि २०२५ असा तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम गेलिक फुटबॉलपटू ठरला.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे, बरं का! यात चेंडू हातानेही धरता येतो. मात्र चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटावा लागतो, नाहीतर पायावर टेकवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. बाजूला पंधरा-पंधरा गडी. चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक. २०२५ पासून लांबून दांडीवरून मारलेल्याला दोन गुण मिळू लागले.

१८८४ साली थर्ल्स गावात या खेळाची संघटना स्थापन झाली. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ब्याऐंशी हजारांवर माणसे बसतात आणि अंतिम सामन्याला जागा मिळत नाही. पण खेळाडूला पगार नाही! क्लिफर्डही शिक्षकाची नोकरी करतो. पैसे देऊन खेळाडू विकत घेण्याची पद्धतच नाही. ज्याने त्याने आपापल्या गावासाठी आणि काउंटीसाठी खेळायचे.

आणि हा मान देते कोण? काउंटीकाउंटींचे खेळाडूच मते देतात. वर्षभर ज्यांनी त्याला अडवले, पाडले, तेच. मला यातच या बक्षिसाची खरी किंमत वाटते. २०२४ मध्ये गॉलवे संघ आर्माकडून अंतिम सामना एका गुणाने हरला. तरी मान मिळाला गॉलवेच्याच पॉल कॉनरॉयला. वय पस्तीस, त्यात २०१८ साली पाय मोडलेला.

क्लिफर्ड मान घेऊन गावच्या संघात परत येतो. २०२३ च्या जानेवारीत फोसाने ज्युनियर क्लबांची अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली, तेव्हा तो आणि त्याचा थोरला भाऊ पॉडी दोघेही संघात होते. काउंटीच्या वरच्या स्पर्धेत मात्र लहान गावांना एकट्याने टिकणे कठीण, म्हणून आसपासची गावे मिळून ईस्ट केरी नावाचा संघ उतरवतात.

मोठी चिंता वेगळीच आहे. पोरे डब्लिनला जातात, ऑस्ट्रेलियाला जातात. दक्षिण आणि पश्चिम केरीतल्या काही खेड्यांना आता पंधरा गडी जमवताना नाकी नऊ येतात, आणि लहान मुलांचे संघ शेजारच्या गावाशी मिळून करावे लागतात. शहरात नोकरीला लागलेली काही पोरे मात्र शनिवार-रविवारी तासन् तास गाडी हाकत गावी येतात, खेळतात आणि रात्री पुन्हा परतीच्या वाटेला लागतात.