बाबांचा दम

रंकाळ्याला एक फेरी आणि मग गंगावेशीत दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला, हा आमच्या बाबांचा वर्षानुवर्षांचा फंडा. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. त्यामुळे गेल्या वर्षी संध्यामठाजवळ ते अचानक कठड्यावर टेकले, तेव्हा मी चक्क हसले.

'काय वस्ताद, संपला दम?'

'काय न्हाई गं, जरा घटकाभर बसूया की.'

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. डेडलाइन होती ना!

मग घरात जिना चढतानाही ते थांबायला लागले. तपासणी केली तर हिमोग्लोबिन 7.8. आईने लगेच मोर्चा सांभाळला. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, रविवारी कलेजीचा पहिला वाटा बाबांना. लोहाच्या गोळ्याही सुरू होत्या. दोन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट काढला. आकडा जागचा हललेला नाही! मग क्रिएटिनिन तपासलं आणि कळलं, इतक्या वर्षांच्या बीपी-शुगरने बाबांच्या किडन्या थकल्यात.

'पण किडनीचा आणि रक्ताचा काय संबंध?' मी डॉक्टरांना विचारलं. आपण मासकॉमवाले, सायन्स दहावीतच सोडलेलं.

संबंध आहे, आणि जाम भारी आहे. आपल्या पेशी एचआयएफ नावाचं एक प्रोटीन सतत बनवत असतात. हा निरोप्या. ऑक्सिजन भरपूर असला, की एक एन्झाइम तोच ऑक्सिजन वापरून निरोप्यावर शिक्का मारतं. शिक्का दिसला, की व्हीएचएल नावाचं दुसरं प्रोटीन त्याला पकडून थेट भंगारात पाठवतं. काही मिनिटांत खेळ खल्लास. ऑक्सिजन कमी पडला, तर शिक्काच बसत नाही. मग निरोप्या वाचतो, पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि अडचणीच्या काळात लागणारे जीन्स चालू करतो. किडनीतल्या काही पेशी तेव्हा ईपीओ हे हार्मोन सोडतात. ते हाडांतल्या मगजाला सांगतं, तांबड्या पेशी वाढव!

हे कोडं सोडवल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना 2019 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. 2022 च्या मे महिन्यात आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर एव्हरेस्टवर पोहोचली. अशा मोहिमांत गिर्यारोहक आठवडेच्या आठवडे बेसकॅम्पच्या आसपास का काढतात, त्याचं एक कारण हेच. शरीराला निरोप पोहोचवून रक्त वाढवायला वेळ लागतो.

बाबांच्या बाबतीत उलटं झालं होतं. ऑक्सिजन कमी पडत होता, पण चिठ्ठी लिहिणाऱ्या पेशीच थकल्या होत्या. आई कच्चा माल पुरवत होती. ऑर्डरच निघत नव्हती.

आता बाबांना ईपीओचं इंजेक्शन मिळतं. हो, तेच, जे सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने घेतल्याचं 2013 मध्ये टीव्हीवर कबूल केलं! त्याने शर्यत जिंकायला घेतलं, आमच्या वस्तादांना जिना चढायला लागतं. शिक्का मारणाऱ्या एन्झाइमलाच अडवणाऱ्या गोळ्याही आल्यात. त्यातल्या डेसिडुस्टॅट या भारतीय कंपनीच्या औषधाला आपल्याकडे 2022 मध्ये परवानगी मिळाली. कुणाला काय द्यायचं, ते मात्र डॉक्टरच ठरवणार. कारण हिमोग्लोबिन औषधाने फार चढवलं, तर रक्तात गुठळ्या होण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

बाबांचा आकडा सध्या 10.4 वर आहे. डॉक्टर खूश आहेत. किडन्या मात्र पूर्वीसारख्या होणार नाहीत, फक्त जपायच्या. हे बाबांनाही माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

मला टोचते ती वेगळीच गोष्ट. त्यांच्या शरीराचा निरोप अडकला होता, ठीक आहे. पण कठड्यावर बसून त्यांनी मला तर निरोप दिला होता ना? मी तो वाचलाच नाही.

आता रविवारी आम्ही अर्धीच फेरी मारतो. मोबाइल घरी. संध्यामठ दिसला, की मीच म्हणते, 'बाबा, बसूया का? मला दम लागलाय.'

ते शेजारी टेकतात आणि हसतात. 'तुमच्या पिढीत दमच न्हाई बघ.'

त्यांना सगळं कळलेलं असतं. मलाही.