पान्हा

बियाणं विकणाऱ्या माणसाचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि 1 जानेवारीलाही नाही. ते सुरू होतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, रानात हरभऱ्याची काढणी चालू असते तेव्हा. त्या दिवसांत आम्ही मोटारसायकलवर दुकानं फिरून बुकिंग घेतो. एप्रिल-मे महिन्यात माल दुकानात लावतो. मृग निघाला की पंधरा-वीस दिवसांत जे विकायचं ते विकलं जातं. ऑगस्ट-सप्टेंबरला उरलेला माल परत येतो, त्याला आम्ही रिटर्न म्हणतो. मग दिवाळीपर्यंत वसुली. म्हणजे बारा महिन्यांची भाकरी वीस दिवसांच्या पावसावर. शेतकऱ्याचं जसं, तसंच आमचं. फरक एवढाच, की शेतकऱ्याला टार्गेट नसतं.

मी लातूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालो आणि एका बियाणे कंपनीत लागलो. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या काळात या धंद्यातल्या बऱ्याच पोरांकडून मी हेच ऐकलंय. माझ्याकडं औसा, निलंगा, रेणापूर आणि बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई हा भाग होता. माल मुख्य सोयाबीनचा आणि थोडा कापसाचा.

2014 चा पावसाळा कमी झाला होताच. 2015 ला तर कहर झाला. त्या साली सगळ्या देशाचाच पाऊस सरासरीपेक्षा 14 टक्क्यांनी कमी होता. मराठवाड्याची तूट त्याहून कितीतरी मोठी. जूनमध्ये काही मंडळांत बरा पाऊस झाला, तिथं लोकांनी चाड्यावर मूठ धरली. बाकीचे आभाळाकडं बघत बसले. मग जुलै कोरडा गेला. ज्यांनी पेरलं त्यांचं करपलं, आणि ज्यांचं करपलं त्यांच्याकडं दुबार पेरणीला पैसा नव्हता. दुकानात थप्प्या तशाच उभ्या. सोयाबीनचं बी नाजूक असतं. उगवणशक्ती 70 टक्क्यांच्या खाली गेली की ते बियाणं राहत नाही, नुसता दाणा होतो. कापसाचं पाकीट पुढच्या वर्षीसाठी तपासून तरी बघता येतं. सोयाबीनची बॅग परत आली की कंपनीच्या पोटात गोळाच येतो.

सप्टेंबरात औरंगाबादला एका हॉटेलात रिव्ह्यू होता. (तेव्हा छत्रपती संभाजीनगर हे नाव व्हायचं होतं.) आमचे साहेब हुशार होते, मेहनती होते, हे सांगितलंच पाहिजे. पहाटे पाचला उठून पुण्याहून गाडी काढायचे. पण जीभ अशी, की माणूस सोलून निघायचा. पडद्यावर सगळ्यांची नावं आणि आकडे लावले होते. कमी आकडा असेल तिथं लाल रंग.

"पन्नास टक्क्यांच्या खाली असतील त्यांनी उभं राहायचं."

आम्ही नऊ जण उभे राहिलो. माझा आकडा 46. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभंच. साहेब एकेकाजवळ येऊन थांबायचे. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "शेतकऱ्याचा मुलगा ना तू? मग शेतकऱ्याला बी विकता येत नाही? जमत नसेल तर गावी जा आणि म्हशी राख."

बसलेली पोरं हसली. फार नाही, जपून हसली. पुढच्या महिन्यात उभं राहायची पाळी कुणाची, हे कुणालाच माहीत नव्हतं.

साहेबांना ठाऊक नसणार, पण त्या दिवशी आमचे आबा खरोखर म्हशीच राखत होते. गावात कडबा संपला होता. सरकारनं चारा छावण्या काढल्या होत्या, त्यातल्या एकीत आबा दोन म्हशी घेऊन महिनाभर मुक्कामाला होते. याच म्हशींच्या आधीच्या पिढीचं दूध डेअरीला घालून त्यांनी माझी फी भरली होती. आणि आता घर चालत होतं ते माझ्या पगारावर. राजीनामा तोंडावर फेकावा असं त्या उभं राहण्याच्या दोन तासांत मला चार वेळा वाटलं. पण फेकायला काहीतरी हातात असावं लागतं. माझ्या हातात मोटारसायकलचा हप्ता होता.

दुसऱ्या दिवशी मायनं दिलेला डबा घेऊन छावणीत गेलो. बांबूला बांधलेली ताडपत्री, खाली जनावरं आणि जनावरांशेजारीच माणसं. आबांनी तोंड बघूनच ओळखलं. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, वाईट वाटेल त्यांना. तर ते हसायलाच लागले.

"म्हशी राखणं सोपं वाटतंय व्हय तुज्या सायबाला? आण म्हणावं हितं. एक दिवस धार काढून दाव म्हणावं."

मग म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "मारक्या माणसाच्या हाताला म्हैस पान्हवत न्हाई बघ. दूध असतंय कासंत. पर ती वर चढवून धरती, देत न्हाई. तू रागावशील, काठी घेशील, ती आणखी चोरती. मग तू म्हणशील म्हैसच आटली."

धार काढणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. भ्यालेलं जनावर पान्हा चोरतं. कासेला पाणी मारावं लागतं, पेंड पुढं ठेवावी लागते, रेडकू सडाला लावावं लागतं, मगच ती सोडते. तेव्हा मला ते आबांनी माझी समजूत काढायला सांगितल्यासारखं वाटलं. त्याचा खरा अर्थ पुढच्या दोन महिन्यांत कळला.

रिव्ह्यूमधून पोरं परत गेली ती घाबरून. घाबरलेला माणूस काय करतो? आकडा लपवतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका पोरानं परत आलेल्या बॅगा रिटर्न दाखवल्याच नाहीत. पाव्हण्याच्या गोदामात उतरवल्या आणि कागदावर विकल्या म्हणून लावल्या. दुसऱ्यानं दुकानदाराच्या नावावर न मागितलेला माल बिलात टाकला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी सगळ्यांचे आकडे हिरवे दिसू लागले. साहेब खूश. झापल्याचा परिणाम दिसला म्हणाले. त्या हिरव्या आकड्यांवर वरच्यांनी रब्बीचं नियोजन केलं, वसुलीच्या तारखा ठरवल्या. ऑक्टोबरच्या शेवटी गोदामातल्या बॅगा बाहेर निघाल्या, तोवर त्यांच्यातलं बी मेलं होतं. त्या पोराची नोकरी गेली. चांगला पोरगा होता, शेतकऱ्यांत बसणारा, उठणारा. पुढं तो आमचे फोनही घेईना.

दूध कासेत होतं. म्हणजे खरी माहिती पोरांकडं होती. ती वर चढवून धरली होती.

मी एक वही केली. पहिल्या रकान्यात महसूल मंडळ, दुसऱ्यात तिथं कोणत्या तारखेला किती पाऊस झाला ते. तहसीलमध्ये मंडळनिहाय आकडे मिळतात. तिसऱ्यात पेरा किती झाला, चौथ्यात दुकानात लावलेला माल आणि पाचव्यात शिल्लक. वही भरली तेव्हा चित्र साफ होतं. जिथं जूनमध्ये पाऊस होता तिथं माझी विक्री मागच्या वर्षीइतकीच होती. जिथं नव्हता तिथं कुणाच्याच कंपनीचं बी हललं नव्हतं. ते टाइप करून साहेबांना पाठवलं. उत्तर आलं, "मला पावसाचा रिपोर्ट नको, पैशाचा पाहिजे." पण त्या वहीचा मला एक फायदा झाला. आपण नालायक आहोत का, हा प्रश्न रात्री दोनला उठवायचा, तो बंद झाला. उत्तर लिहिलेलं होतं.

दुसरी गोष्ट वसुलीची. अंबाजोगाईकडच्या एका दुकानदाराकडं कंपनीचे बरेच पैसे अडकले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. साहेबांचा हुकूम होता, चेक घेतल्याशिवाय दुकानातून उठायचं नाही, वेळ पडली तर सिक्युरिटीचा चेक बँकेत टाकायची धमकी द्यायची. या धंद्यात शिवी अशीच खाली येते. मोठ्या साहेबाची आमच्या साहेबाला, त्यांची मला, माझी दुकानदाराला, दुकानदाराची उधारीवाल्या शेतकऱ्याला. शेतकऱ्याच्या खाली कुणी नसतं. त्या वर्षी मराठवाड्यात शेतकरी काय करत होते हे पेपरात रोज छापून येत होतं.

मी अप्पांच्या दुकानात बसलो. चहा झाला. सगळं सांगितलं: हुकूम काय आहे, रिटर्नची शेवटची तारीख कोणती, त्या आत माल पाठवला तर किती रक्कम वजा होईल, उरलेल्याचे किती हप्ते पाडता येतील. अप्पांनी त्यांची उधारीची वही माझ्यापुढं सरकवली. पानंच्या पानं.

"सायेब, ह्यातल्या कुणाच्या दारात जाऊन मी आरडू, तुमीच सांगा."

"आरडू नका. माल परत करा, बाकीचं दिवाळीनंतर बघू."

दिवाळीपासून मार्चपर्यंत अप्पांनी तीन हप्त्यांत पैसे फेडले. साहेबांनी मात्र माझी वार्षिक वाढ शून्य केली.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती. डिसेंबरात साहेब दौऱ्यावर आले. दिवसभर दुकानं फिरलो. संध्याकाळी गाडीपाशी दोघंच होतो. मी म्हणालो, "साहेब, आकड्यावर काय बोलायचं ते बोला. चार लोकांत बोललात तरी चालंल. पण म्हशीवर बोलू नका. माझे वडील छावणीत आहेत."

आवाज थोडा कापला असंल माझा. साहेबांनी गाडीचं दार उघडलं, आत बसले, काच खाली केली, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग काच वर केली आणि गेले. दोन महिने फोन नाही. पण म्हशींचा उल्लेख पुन्हा कधी आला नाही. बाकीचं झापणं चालूच राहिलं, ते काही थांबलं नाही.

2016 चा उन्हाळा तर सगळ्या देशानं बघितला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. 12 तारखेला पहिली गाडी लागली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावायची वेळ आली होती. अशा गावात मी पुढच्या हंगामाचं बुकिंग मागत फिरत होतो. लोक हसायचे. पहिलं बुकिंग अप्पांनी दिलं.

आणि मग पाऊस आला. त्या साली असा आला की सप्टेंबरअखेर नद्यांना पूर आले, मांजरा धरण भरलं. माझं टार्गेट जुलै उजाडायच्या आत पूर्ण झालं. पुढच्या रिव्ह्यूत साहेबांनी मला पुढं बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "मागच्या वर्षी याला उभं केलं होतं. बघा, गडी कसा सुटला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचा राग आला नाही, नवल वाटलं. मोटारसायकल तीच, रस्ते तेच, दुकानं तीच, मीही तोच. फक्त आभाळ बदललं होतं. पण साहेबांना मनापासून वाटत होतं की आपल्या जिभेनं हे घडवलं. त्यांचं असं होणारच होतं. माणूस झापतो ते वाईट वर्षात, आणि फार वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा बरंच असतं. चांगल्या वर्षी पाठ थोपटावी, तर पुढच्या वर्षी आकडा जरा खाली येतो. त्यामुळं साहेबाच्या अनुभवाला नेहमी हेच येतं, की शिव्या लागू पडतात आणि कौतुकानं पोरं बिघडतात. गोदामात लपवलेल्या बॅगा त्या हिशेबात येत नाहीत.

साहेबांना पुढं बढती मिळाली. मी दुसऱ्या कंपनीत गेलो आणि काही वर्षांनी पाच पोरांचा वरिष्ठ झालो. वरून टार्गेट आजही येतं, आणि ते मी पोरांना देतो. कमी पडलं तर विचारतोही. पण दोन गोष्टी ठरवून ठेवल्यात. आकड्याची चर्चा एकट्यात करायची. आणि वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग विचारायचं.

2020 च्या जूनमध्ये याची परीक्षा झाली. आदल्या वर्षी ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस लागला होता, सोयाबीन भिजलं होतं. तेच पुढं बियाणं म्हणून आलं. खरीप पेरला आणि सगळीकडून तक्रारी सुरू झाल्या: बी उगवलंच नाही. माझ्या पाचातला सगळ्यात लहान पोरगा, नोकरीला लागून आठ महिने झालेले, त्याचा सकाळी फोन आला.

"सर, एकाच लॉटच्या तक्रारी आहेत. तीन गावांत. मी रानात जाऊन उकरून बघितलं, दाणा कुजलाय. अजून या लॉटच्या बॅगा दुकानांत आहेत."

दुपारपर्यंत तो लॉट आम्ही आमच्या सगळ्या दुकानांतून थांबवला. ज्यांचं उगवलं नव्हतं त्यांचे अर्ज तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं गेले, पंचनामे झाले, भरपाईवरून पुढं बरीच ओढाताण झाली. त्या हंगामाचा आमचा आकडा वाईटच होता, पडद्यावर लाल दिसेल असा. पण त्या लॉटच्या उरलेल्या बॅगा कुणाच्या तिफणीत गेल्या नाहीत, कारण त्या पोरानं ती गोष्ट मला सकाळी साडेसहाला, न भिता सांगितली होती.